इशारा आणि अडसर

एखाद्याला धोक्याची सूचना देणे आणि त्याला धोक्यापासून अडवणे, ह्या दोन कृतींमध्ये नेमके किती अंतर आहे? व्यवहारात आपण बहुधा पहिलीवरच समाधान मानतो. ‘मी सांगितले होते’ एवढे म्हणता आले की आपले कर्तव्य पार पडले, असे आपल्याला वाटते. पहारेकऱ्याने शिंग फुंकले. गाव जागे झाले नाही, तर तो गावाचा दोष. हा न्याय फार जुना आहे आणि वरवर पाहता त्यात खोट काढण्यासारखे काही नाही. परंतु शिंग फुंकले तेव्हा गाव त्या आवाजाच्या टप्प्यात होते की नाही, हे पाहणेही पहारेकऱ्याच्या कर्तव्यात येत नाही काय?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मी एका वेगळ्याच क्षेत्राच्या आधाराने मांडणार आहे. ते क्षेत्र म्हणजे संगणकावरील सर्व्हर-आज्ञावलींचे. विषय काहींना रुक्ष वाटेल. पण आपल्यापैकी अनेकांच्या घरांतील मुलेमुली आज ह्याच कामावर उपजीविका करतात. आणि आपले बँकेतले खाते, रेल्वेचे आरक्षण, इस्पितळातील तपासणीचा अहवाल, हे सारे ह्याच यंत्रांच्या हवाली आहे. तेव्हा त्यांच्या नीतीचा विचार केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही.

सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू राहून दूरच्या माणसांच्या मागण्या पुरवणारी आज्ञावली. सुरू होताना ती प्रथम एक फाईल वाचते. तिला कॉन्फिगरेशन म्हणतात. माहिती कोठे साठवायची, आत कोणाला येऊ द्यायचे, कोणते दार उघडे ठेवायचे, किती स्मृती वापरायची, असल्या सूचना तिच्यात असतात. त्या माणसाच्या हातच्या असतात. साहजिकच त्यांत चुका असतात. अशी चूक आढळली की आज्ञावलीपुढे दोन मार्ग उरतात. लॉग नावाच्या नोंदवहीत ‘इशारा’ म्हणून एक ओळ लिहायची आणि काम सुरू करायचे, हा एक. ती चूक घातक मानून सुरू होण्यासच नकार द्यायचा, हा दुसरा. तंत्रज्ञांमध्ये ह्याविषयी जुना मतभेद आहे. तो तंत्रातला मतभेद आहे असे सर्वसाधारणपणे समजले जाते. माझ्या मते तो मुख्यत्वे जबाबदारीविषयीचा मतभेद आहे.

अमेरिकेतील नाइट कॅपिटल ही शेअरबाजारात दलालीचा व्यवसाय करणारी मोठी कंपनी. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यू यॉर्क शेअर बाजारात किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू व्हायची होती. कंपनीने त्यासाठी नवी आज्ञावली तयार केली आणि आधीच्या काही दिवसांत ती आपल्या आठ सर्व्हरांवर चढवावयास घेतली. सात सर्व्हरांवर ती चढली. आठव्यावर चढवायची राहून गेली. हे काम दुसऱ्या कोणी तपासून पाहावे, असा नियम कंपनीत लेखी नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा एक जुना भाग पडून होता. त्याचा वापर २००३ सालीच थांबला होता, पण तो काढून टाकलेला नव्हता. दुर्दैव असे की, नव्या योजनेसाठी जी खूण वापरावयाची ठरली होती, तीच पूर्वी ह्या जुन्या भागाला जागे करण्याची खूण होती.

त्या दिवशी सकाळी ८ वाजून १ मिनिटाच्या सुमारास कंपनीच्या यंत्रणेतून तिच्याच कर्मचाऱ्यांना आपोआप ई-मेल जाऊ लागले. ‘पॉवर पेग’ बंद असल्याची चूक त्यांत नोंदवलेली होती. बाजार साडेनऊला उघडतो. तोवर अशी ९७ पत्रे गेली. त्यांची कोणीही दखल घेतली नाही. कारण ती धोक्याची घंटा म्हणून योजलेलीच नव्हती आणि असली पत्रे आली म्हणजे वाचायची, असा कोणाचा परिपाठ नव्हता. बाजार उघडला आणि पुढच्या सुमारे ४५ मिनिटांत २१२ लहानसहान मागण्यांपायी त्या यंत्रणेने १५४ कंपन्यांच्या शेअरांचे ४० लाखांहून अधिक व्यवहार केले. एकंदर ३९ कोटी ७० लाखांहून अधिक शेअर इकडचे तिकडे झाले. गोंधळात दोष हुडकताना तंत्रज्ञांनी उरलेल्या सात सर्व्हरांवरची नवी आज्ञावली काढून टाकली. त्यामुळे जुना भाग तेथेही जागा झाला. एकूण तोटा ४६ कोटी डॉलरांच्या वर गेला. पुढे ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या रोखे व विनिमय आयोगाने कंपनीला १ कोटी २० लाख डॉलर दंड केला. तोवर ती दुसऱ्या कंपनीत विलीनही झाली होती. ९७ पत्रांचा हा तपशील आयोगाच्याच आदेशात आहे.

काटेकोरपणे बोलायचे तर ती पत्रे कॉन्फिगरेशन वाचताना निघालेली नव्हती. दिवसाच्या पहिल्या मागण्या हाताळताना निघाली होती. तथापि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ह्या फरकाला फारसे महत्त्व नाही. खऱ्या कामाला तोंड लागण्याआधी दीड तास यंत्रणा बोलत होती. ती एकदा नव्हे, ९७ वेळा बोलली. आता ह्याच्या जागी अशी कल्पना करा की, आठही सर्व्हरांवरची आज्ञावली एकसारखी नाही असे दिसताच यंत्रणेने एकदाच म्हटले असते, ‘मी सुरू होणार नाही.’ कोणाला तरी खुर्चीवरून उठावे लागले असते. चिडचिड झाली असती, वरिष्ठांची बोलणी खावी लागली असती, कदाचित त्या दिवसाचा धंदाही बुडाला असता. पण कंपनी वाचली असती.

इशारा कोणाला उद्देशून असतो, हा येथला कळीचा मुद्दा आहे. सर्व्हरला चेहरा नसतो. तो कपाटात किंवा दूरच्या एखाद्या इमारतीत असतो. त्याची नोंदवही दर तासाला हजारो ओळींनी भरते आणि सारे सुरळीत आहे तोवर ती कोणी उघडत नाही. तेथे लिहिलेला इशारा म्हणजे बंद खोलीत म्हटलेले वाक्य. तो ऐकला जाणार नाही, हे आज्ञावली लिहिणाऱ्यालाही ठाऊक असते. मग तो लिहितो कशासाठी? मला जे उत्तर सुचते ते कठोर आहे: तो स्वतःसाठी लिहितो. उद्या काही विपरीत घडलेच, तर ‘सूचना दिलेली होती’ असे दाखवता यावे, म्हणून. अशा वेळी इशारा हा दुसऱ्याच्या हिताचा शब्द राहत नाही. आपल्या बचावाचा कागद होतो. औषधाच्या डबीतील भिंगाशिवाय न वाचता येणारी चिठ्ठी, किंवा करारपत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत टाकलेली अट, ह्यांच्याच जातीचा.

हे ज्यांनी ओळखले आणि आपली रीत बदलली, त्यांचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. इलास्टिकसर्च ही मजकुराच्या प्रचंड साठ्यात शोध घेणारी आज्ञावली आहे. शाय बॅनन ह्या गृहस्थांनी ती २०१० साली प्रथम लोकांपुढे ठेवली. तिचे मूळ मात्र त्यांच्या त्याआधीच्या एका खटपटीत आहे. त्यांची पत्नी लंडनमध्ये पाकशास्त्र शिकत होती आणि तिच्या पाककृती शोधणे सोपे व्हावे, म्हणून त्यांनी ती खटपट आरंभली होती. असो. संगणकाची मूळ प्रणाली प्रत्येक आज्ञावलीला एका वेळी किती फाइली उघड्या ठेवता येतील, ह्याची मर्यादा घालून देते. लिनक्सवर ती पुष्कळदा १,०२४ असते. इलास्टिकसर्चला त्याहून कितीतरी अधिक लागतात. ऐन कामात मर्यादा संपली, तर साठवलेली माहितीच नष्ट होण्याची भीती असते. सुरुवातीच्या आवृत्त्यांत अशा उणिवा आढळल्या की नोंदवहीत इशारा लिहिला जाई आणि काम चालू होई. लोकांच्या नजरेतून ते इशारे निसटत, असा अनुभव येत गेला. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये निघालेल्या पाचव्या आवृत्तीत कर्त्यांनी कार्यारंभीच्या तपासण्या सक्तीच्या केल्या. उघड्या फाइलींची मर्यादा किमान ६५,५३६ नसेल, स्मृतीच्या नकाशांची मर्यादा किमान २,६२,१४४ नसेल, तर सर्व्हर उठणारच नाही.

परंतु ह्या सक्तीला त्यांनी एक मर्यादा घातली आणि मला तीच अधिक विचारप्रवर्तक वाटते. आज्ञावली केवळ स्वतःच्याच यंत्राशी बोलत असेल, म्हणजे एखादा विद्यार्थी घरी बसून ती शिकत असेल, तर त्या सर्व उणिवा नुसते इशारेच राहतात. ज्या क्षणी ती दुसऱ्या यंत्रांशी बोलण्यासाठी आपला पत्ता खुला करते, त्या क्षणी तेच इशारे अडसर होतात. चूक तीच, आकडा तोच; बदलतो तो फक्त तिचा परिणाम भोगणारा. एकट्याने आपल्या घरात केलेली हयगय आणि चार माणसे आपल्यावर विसंबून असताना केलेली हयगय, ह्यांना एकच माप लावू नये, हा विवेक येथे एका यंत्राच्या अंगी बाणवलेला दिसतो.

ह्या भेदामुळे एका वजनदार आक्षेपाचे उत्तरही हाती येते. आक्षेप असा: सर्व्हर चालवणारा मनुष्य सज्ञान आहे, आपली परिस्थिती तो जाणतो, त्याला अडवणारा आज्ञावलीचा कर्ता कोण? सल्ला द्यावा आणि बाजूला व्हावे, हीच सभ्यता नव्हे काय? मनुष्याचा स्वयंनिर्णय मानणाऱ्या कोणालाही हा आक्षेप सहज झटकता येणार नाही. मात्र त्यात दोनच पात्रे गृहीत धरली आहेत, सांगणारा आणि ऐकणारा. प्रत्यक्षात तिसरेही एक पात्र असते. ज्याचा अहवाल, ज्याची ठेव, ज्याचे पत्र त्या सर्व्हरवर आहे, त्याने ती फाईलही लिहिलेली नसते आणि तो इशाराही त्याच्या कानी कधी पडणार नसतो. पहिल्या दोघांनी आपसांत सभ्यता पाळली आणि किंमत तिसऱ्याने मोजली, असा हा प्रकार होतो.

माहितीचे साठे सांभाळणाऱ्या दोन प्रसिद्ध आज्ञावलींच्या स्वभावातही हा फरक आढळतो. मायएसक्यूएलला आपली कॉन्फिगरेशन-फाईल कोणालाही बदलता येईल अशी उघडी पडलेली दिसली, तर ती फाईल दुर्लक्षिल्याचा इशारा ती देते आणि तिच्याविनाच पुढे जाते. फाइलीवर विश्वास ठेवला नाही, हे योग्यच झाले. पण मालकाने विचारपूर्वक लिहिलेल्या साऱ्या सूचना त्यासरशी रद्द झाल्या आणि सर्व्हर चालू असल्याने त्याला त्याचा पत्ताही नाही. पोस्टग्रेसक्यूएलचे वळण निराळे. माहितीची कोठडी परक्यांना उघडी असेल, तर ती सुरूच होत नाही. कारण सांगते आणि थांबते. दोघींनाही धोका ओळखता येतो. एक तो ओळखून पुढे जाते, दुसरी जात नाही. दुसरीचा सहवास क्वचित त्रासदायक होतो, हे मान्य करूनही मी माझी ठेव तिच्याकडेच ठेवीन.

एवढ्यावरून प्रत्येक इशारा घातक ठरवावा, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो उतावीळपणा होईल. थांबणे हे नेहमीच निरुपद्रवी असते, असे नाही. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून एरियान-५ हे युरोपीय अग्निबाण प्रथमच झेपावले आणि चाळीस सेकंदांच्या आसपास आकाशात नष्ट झाले. त्याच्याबरोबर चार वैज्ञानिक उपग्रहही गेले. दिशा सांगणाऱ्या उपकरणातील एक मोठी संख्या तिच्यासाठी ठेवलेल्या लहान जागेत मावली नाही. असे काही घडले की उपकरणाने काम बंद करावे, असा नियम त्यात घातलेला होता. आणि मूळ व राखीव अशी दोन्ही उपकरणे त्या नियमाप्रमाणे बंद पडली. विशेष म्हणजे ज्या गणितात ही चूक झाली, त्याचा उड्डाणानंतर काहीच उपयोग नव्हता. आधीच्या एरियान-४ च्या गरजेतून ते मागे राहिले होते. निरुपयोगी गोष्टीतील चूक घातक ठरवली गेली आणि तिने अग्निबाणाचा बळी घेतला.

म्हणजे स्थळ आणि काळ पाहावा लागतो. उंबरठ्यावर थांबणे वेगळे आणि भर आकाशात थांबणे वेगळे. सर्व्हर सुरू होतो तो क्षण उंबरठ्याचा आहे, म्हणून तेथे नकार स्वस्त आहे, असे मी इतका वेळ गृहीत धरले. पण सर्व्हर नेहमीच शांतपणे, जाणत्या माणसाच्या देखत सुरू होतो काय? कॉन्फिगरेशनमध्ये मार्च महिन्यात कोणी बदल करतो. सर्व्हर मात्र चालूच राहतो, फाईल पुन्हा वाचत नाही. ऑगस्टमधल्या एका रात्री वीज जाते आणि येते. सर्व्हर उठू पाहतो, मार्चमधली चूक त्याला दिसते, तो नकार देतो. बदल करणारा गाढ झोपेत आहे, किंवा नोकरी सोडून दुसरीकडे गेला आहे. आणि रात्रपाळीवरच्या बिचाऱ्याला त्या फाइलीतले अक्षरही कळत नाही. नकार योग्य होता, पण तो चुकीच्या माणसाच्या पदरी पडला.

ह्यावर काही आज्ञावलींनी चांगला तोडगा काढला आहे. एनजिनएक्स हा वेबपाने पुरवणारा सर्व्हर, चालू असतानाच नवे कॉन्फिगरेशन घ्यायला सांगितले, तर आधी ते तपासतो. दोष आढळला तर नवे नाकारतो आणि जुन्यावरच काम पुढे चालू ठेवतो. आत बसलेल्या पाहुण्यांना उठवले जात नाही. ज्याने चुकीचा कागद आणला, त्यालाच दारातून परत पाठवले जाते. शिवाय सर्व्हर न हलवता फाईल नुसती तपासून देण्याची सोयही त्यात आहे. मार्चमधली चूक मार्चमध्येच, ती करणाऱ्याच्या समक्ष उघडी पडावी, हा ह्यामागचा आशय. अडसर कोठे घालावा, ह्याचे मला पटणारे उत्तर असे: ज्याच्या हाती सुधारणा आहे, तो समोर असेल तेथे.

कधी कधी ना इशारा लागतो, ना अडसर. मोंगोडीबी ह्या साठवणुकीच्या आज्ञावलीचे हजारो साठे पासवर्डाविना इंटरनेटवर उघडे सापडले. २०१७ च्या आरंभी खंडणीखोरांनी ते पुसून टाकले आणि माहिती परत देतो, असे सांगून मालकांकडे पैसे मागितले. त्याच वर्षीच्या ३.६ ह्या आवृत्तीपासून, वेगळे काही सांगितले नाही तर ती आज्ञावली केवळ स्वतःच्याच यंत्राशी बोलते. दार मुळातच लावलेले असले, म्हणजे ते उघडे राहिल्याची सूचना देण्याची वेळच येत नाही.

जुन्या वळणाचे तंत्रज्ञ येथे जॉन पोस्टेल ह्यांचा दाखला देतील. इंटरनेटच्या पायाभरणीच्या काळात, १९८० मध्ये, त्यांनी असे तत्त्व घालून दिले की, आपण पाठवताना काटेकोर असावे आणि दुसऱ्याचे स्वीकारताना उदार. ह्या औदार्याने पुढे चुकांना घर करू दिले, असे मत आता इंटरनेटच्या नियमकर्त्यांमध्येही आहे; २०२३ साली त्यावर एक निवेदनही निघाले. पण त्या वादात न शिरताही एक गोष्ट स्पष्ट आहे. औदार्य सांगितले आहे ते दुसऱ्यांकडून येणाऱ्या गोष्टींविषयी. आपलेच कॉन्फिगरेशन ही काही दुसऱ्याची गोष्ट नव्हे. तेव्हा पोस्टेलांच्या वचनाचा आधार शोधायचा, तर त्याचा पूर्वार्ध येथे लागू पडतो.

सक्तीचा अतिरेक झाला तर काय होते, तेही अनुभवास आले आहे. जीसीसी हा आज्ञावलींचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर आहे. त्याला एक कळ आहे. ती लावली की सर्व इशारे चुका मानले जातात. लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या टेबलावर ही शिस्त उत्तम. पण जीसीसीच्या नव्या आवृत्तीबरोबर नवे इशारे येतात आणि काल निर्वेध उभी राहणारी आज्ञावली आज अडते, तीही तिच्या कर्त्यापुढे नव्हे, तर दूरच्या भलत्याच माणसापुढे. तो काय करतो? कळच काढून टाकतो. इलास्टिकसर्चच्या बाबतीतही, अडलेला माणूस ती आकड्यांची ओळ कोठून तरी उतरवून घेतो, चिकटवतो आणि पुढे जातो. २,६२,१४४ हा आकडा कशाचा, हे तो विचारत नाही. तरीही यंत्र सुरक्षित झाले, हे खरे. पण माणूस जाणता झाला, असे म्हणता येणार नाही. अडसर फार झाले म्हणजे लोक ते काढण्यात तरबेज होतात. इशारे फार झाले म्हणजे ‘लांडगा आला रे आला’ची गत होते.

ह्यातून माझे मत असे बनले आहे की, ‘इशारा’ हा मधला वर्ग जवळजवळ रिकामाच असावा. कर्त्याने स्वतःला विचारावे: ह्या चुकीने कोणाचे काय बिघडेल आणि ती कशी काढावी, हे मला एका वाक्यात सांगता येते का? येत असेल, आणि बिघडणारे दुसऱ्याचे असेल, तर थांबावे व ते वाक्य सांगावे. येत नसेल, तर ती ओळ नोंदवहीत लिहून काय साधते, हे मला अद्याप कोणी पटवून दिलेले नाही.

राहता राहिला तो, सारे जाणूनही पुढे जाण्यावाचून गत्यंतर नसलेला मनुष्य. असा मनुष्य असतो आणि त्याची अडचण खरी असते. त्याच्यासाठी दार असावे. पण ते त्याने स्वतःच्या हाताने उघडावे. मायएसक्यूएलवर मघाशी मी टीका केली. ह्या बाबतीत मात्र तिची रीत अनुकरणीय आहे. यंत्राच्या सर्वाधिकारी खात्यातून, म्हणजे ‘रूट’ म्हणून, तिला चालवू गेले तर ती नकार देते. कारण अशा वेळी तिच्यात शिरलेला चोर साऱ्या यंत्राचा धनी होऊ शकतो. पण चालवणाऱ्याने ‘मला रूट म्हणूनच चालवायचे आहे’ असे स्वतः स्पष्ट लिहून दिले, तर ती मुकाट्याने सुरू होते. ते शब्द कॉन्फिगरेशनमध्ये लिहिलेले असले की तेथेच राहतात. वर्षभराने त्या खुर्चीवर दुसरा कोणी येतो, फाईल उघडतो, त्या ओळीशी थबकतो आणि शेजारच्याला विचारतो, ‘हे कोणी लिहिले, आणि का?’